पप्पांना डोळ्यांच्या ओपीडीत कधी नेताय?

आधी एक छोटा प्रयोग करा. कॉलेजच्या कट्ट्यावर बसून केलात तरी चालेल. डावा डोळा मिटा. दोन्ही हात समोर ताठ करून दोन्ही अंगठे शेजारी-शेजारी उभे धरा. आता उजव्या डोळ्याने फक्त डाव्या अंगठ्याकडे बघत राहा आणि उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे न्या. वीतभर अंतर व्हायच्या आधीच एका जागी त्या अंगठ्याचं टोक चक्क गायब होईल. नजर हलली तर जमणार नाही. दोन-तीनदा ट्राय करा.

जमलं? घाबरू नका, हे सगळ्यांना होतं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर जिथून दृष्टीची नस मेंदूकडे निघते, तिथे प्रकाश ओळखणाऱ्या पेशीच नसतात. म्हणजे प्रत्येकाच्या नजरेत जन्मापासून एक भोक आहे. पण ते कधी काळं दिसलं का तुम्हाला? नाही. कारण आजूबाजूचं बघून मेंदू ती जागा भरून टाकतो.

काचबिंदू नेमका याचाच फायदा घेतो. तो त्याच नसेवर हल्ला करतो. नजर सहसा कडेच्या भागातून जायला लागते, मेंदू गेलेली जागा भरत राहतो आणि माणसाला वाटतं, सगळं नीट दिसतंय. दुखत नाही, खुपत नाही. आणि गेलेली नजर कुठल्याही औषधाने, ऑपरेशनने परत येत नाही.

हे सगळं मला पुस्तकातून नाही, आजोबांमुळे कळलं.

‘मोतीबिंदू पिकू द्या’

आमचं गाव कन्नड तालुक्यात. मी अकरावीत होते तेव्हाची गोष्ट. आजोबा शेजारी ठेवलेला पाण्याचा तांब्या लवंडायचे. आत येताना त्यांचा खांदा दाराच्या चौकटीला धडकायचा. बाजूने येणारी मोटरसायकल त्यांना दिसायचीच नाही. सगळे म्हणायचे, वय झालं. आजोबा स्वतः म्हणायचे, “पोरी, मोतीबिंदू आहे. पिकला की काढू.”

दोन वर्षं आम्ही तो ‘पिकायची’ वाट बघत बसलो. शेवटी एका शिबिरात डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं आणि शहरात पाठवलं. तिथे कळलं की मोतीबिंदू थोडासाच होता. खरं दुखणं काचबिंदूचं होतं. एका डोळ्याची नजर जवळपास गेली होती आणि दुसऱ्याने आजोबा नळीतून बघावं तसं बघत होते.

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावं सारखी असल्यामुळे किती घोटाळा होतो बघा. मोतीबिंदूत डोळ्यातली लेन्स धुरकट होते. ती काढून नवी बसवली की दिसायला लागतं. काचबिंदूत नसच मरते, आणि नस बदलता येत नाही. म्हणून मोतीबिंदूला थोडा उशीर झाला तरी बहुतेकदा निभावतं, काचबिंदूत मात्र उशीर म्हणजे कायमचं नुकसान.

त्या दिवशी डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं, “हा आजार घराण्यात असतो. मुलांचे डोळे तपासून घ्या.” पप्पांनी मान हलवली. आम्ही रिक्षात बसलो, घरी आलो आणि विसरलो. पुढची पाच वर्षं मीसुद्धा काही केलं नाही. या पानासाठी काचबिंदूवर लिहायचं ठरलं, तेव्हा कुठे मी पप्पांच्या मागे लागले. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, “मला काय झालंय? चष्मा लावून पेपर वाचतो की रोज.”

शेवटी एका शनिवारी गाडीची चावी लपवली आणि त्यांना घेऊन गेले.

एका तपासणीत किती देश?

ओपीडीत नंबर यायला दीड तास लागला. तेवढ्या वेळात आणि नंतर घरी बसून मी एकेका यंत्राची माहिती शोधत गेले आणि थक्क झाले. पप्पांच्या दोन डोळ्यांसाठी अर्धं जग कामाला लागलं होतं!

पहिलं काम होतं डोळ्यातला दाब मोजायचं. डोळ्यात एक पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो आणि बारीक जाळीतून बाहेर जातो. आपल्या शहरात पाणी येण्याची वाट बघावी लागते. डोळ्यात उलट आहे, पाणी येत राहतं, पण बाहेर जाण्याची वाट चोक होते. मग दाब वाढतो आणि मागची नस दबते. या नसेत साधारण १० लाख तंतू असतात, ते हळूहळू मरू लागतात. पप्पांच्या डोळ्यात बधिर करणारा थेंब आणि पिवळा रंग टाकून, निळ्या उजेडात एक छोटंसं टोक बुबुळाला अलगद टेकवलं. ही पद्धत स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात हान्स गोल्डमन यांनी १९५० च्या दशकात तयार केली. दाब मोजायची खात्रीची पद्धत म्हणून आजही जगभर तिचंच नाव घेतात.

पण नुसता दाब पुरत नाही. काही जणांचा दाब नॉर्मल असूनही नस खराब होते. म्हणून डॉक्टर डोळ्याच्या आत डोकावून नस प्रत्यक्ष बघतात. जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा बघायचं साधन जर्मनीच्या हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये बनवलं. त्यानंतर फील्ड टेस्ट. एका डोळ्यावर पट्टी लावून समोर बघत बसायचं आणि कडेला दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. व्हिडिओ गेमसारखं वाटतं, पण नजरेचा कुठला कोपरा गेलाय ते यातच कळतं.

मग औषध. काचबिंदूवर आज जगात खूप वापरलं जाणारं लॅटानोप्रोस्ट हे थेंबांचं औषध घ्या. यामागे लास्लो बिटो हे शास्त्रज्ञ आहेत. १९५६ च्या उठावानंतर ते हंगेरी सोडून अमेरिकेत गेले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी मूळ संशोधन केलं, स्वीडनमधल्या उप्सालाच्या शास्त्रज्ञांनी त्याचं औषध केलं आणि १९९६ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. आता भारतीय कंपन्याही ते बनवतात. (गंमत म्हणजे या थेंबांनी पापण्यांचे केस दाट आणि लांब होऊ शकतात!)

यात आपणही मागे नाही. १९०९ मध्ये मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयात रॉबर्ट हेन्री इलियट यांनी काचबिंदूवर एक ऑपरेशन सुरू केलं. डोळ्याच्या भिंतीला बारीक गोल छिद्र पाडून द्रवाला नवी वाट द्यायची. ही पद्धत भारतातून जगभर गेली. पुढे १९६८ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या जॉन केर्न्स यांनी जास्त सुरक्षित ऑपरेशन शोधलं. त्याच्या सुधारित पद्धती आजही वापरतात.

साध्या ऑपरेशनने भागत नाही, तिथे डोळ्यात एक छोटी नळी बसवतात. परदेशी नळी आपल्याकडच्या बहुतेक पेशंटना परवडत नव्हती. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाची ‘ऑरोलॅब’ ही संस्था १९९२ पासून स्वस्त लेन्स बनवत होतीच. तिने अमेरिकेतल्या बेअरव्हेल्ट नळीच्या धर्तीवर २०१३ च्या सुमारास आपली नळी आणली, खूप कमी किमतीत.

मग अडलंय कुठे?

यंत्रं आहेत, औषधं आहेत, ऑपरेशन आहे. तरी आजोबांची नजर गेली. का?

याचं उत्तरही देशोदेशींच्या डॉक्टरांनी मिळूनच शोधलंय. अरविंदचे डॉक्टर आणि अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे तज्ज्ञ यांनी तमिळनाडूच्या ग्रामीण भागात चाळिशीपुढच्या ५ हजारांहून जास्त लोकांचे डोळे तपासले. २००३ मध्ये आलेल्या या अभ्यासात साधारण २.६ टक्के लोकांना काचबिंदू निघाला. पण धक्का पुढे आहे. त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त लोकांना आपल्याला हा आजार आहे हे माहीतच नव्हतं! श्रीमंत देशांतही साधारण निम्म्या पेशंटना पत्ता नसतो, असं तिथले अभ्यास सांगतात.

सिंगापूरच्या संशोधकांनी वेगवेगळ्या देशांतले ५० सर्व्हे एकत्र करून २०१४ मध्ये अंदाज मांडला. २०१३ मध्ये जगात ४० ते ८० वयाचे ६ कोटी ४३ लाख लोक काचबिंदूचे होते, २०४० पर्यंत ते ११ कोटी १८ लाख होतील. भारतात चाळिशीपुढचे सव्वा कोटीच्या आसपास पेशंट असावेत, असं मानलं जातं.

म्हणूनच जगभरच्या काचबिंदू तज्ज्ञांची आणि पेशंटची संघटना एकत्र आल्या. ६ मार्च २००८ ला पहिला जागतिक काचबिंदू दिन झाला आणि २०१० पासून दर मार्चमध्ये पूर्ण आठवडा पाळला जातो. या आठवड्यात ठिकठिकाणी शिबिरं लागतात, रॅली निघतात. पण शिबिराचा बॅनर बघून पप्पा आपणहून आत जातील? माझे तरी गेले नसते.

इथे तुमचा नंबर लागतो. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात झालेल्या अभ्यासात दिसलं की काचबिंदू असलेल्या माणसाच्या भावंडांना आणि मुलांना धोका साधारण नऊ पट जास्त असतो. म्हणजे घरात कोणाला काचबिंदू आहे का, हा प्रश्न विचारणं ही तपासणीची पहिली पायरी आहे. आणि तो प्रश्न बर्न किंवा न्यूयॉर्कचा डॉक्टर येऊन तुमच्या आजीला विचारणार नाही. तो तुम्हालाच विचारावा लागेल.

तुमच्या स्वतःच्या खिशातला धोका

“हे सगळं म्हाताऱ्यांचं आहे,” असं वाटत असेल तर थांबा. मराठवाड्यातलं ऊन आणि धूळ आपल्याला माहीत आहे. डोळे चुरचुरतात, लाल होतात. मग आपण काय करतो? मेडिकलवर जातो आणि “डोळ्यात टाकायला काहीतरी द्या” म्हणतो. किंवा रूममेटची अर्धी उरलेली बाटली वापरतो.

अशा काही थेंबांत स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र होतो, म्हणून ते आवडतंही. पण आठवडे-महिने टाकत राहिलं तर काही जणांच्या डोळ्यातला दाब वाढतो आणि अगदी विशीतसुद्धा काचबिंदू होऊ शकतो. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी नाव दिसलं, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती वापरू नका. डॉक्टरांनी दिलं असेल तर सांगितले तेवढेच दिवस टाका. जुन्या चिठ्ठीवर परत-परत घेऊ नका.

पप्पांचं काय निघालं?

उजव्या डोळ्याचा दाब जास्त निघाला आणि नसेवर सुरुवातीची खूण दिसली. फील्ड टेस्टच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात छोटा करडा डाग होता. पप्पा बराच वेळ तो कागद बघत बसले. मग म्हणाले, “इथलं मला दिसत नाही? मला तर कळलंच नाही.”

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. रोज रात्री एक थेंब, ठरलेल्या तारखांना तपासणी, आणि हे आयुष्यभर. गेलेला कोपरा परत येणार नाही, पण बाकीचं वाचवता येईल. परत येताना पप्पा गाडीवर मागे बसले, काही बोलले नाहीत. क्रांती चौकात सिग्नलला म्हणाले, “तुझ्या काकालाही फोन करायला पाहिजे.”

आता रोज रात्री नऊ वाजता त्यांच्या मोबाइलवर अलार्म वाजतो. तो मी लावलाय. थेंब टाकायचा कंटाळा हेच काचबिंदूत नजर जाण्याचं एक मोठं कारण आहे, कारण थेंब टाकून काही ‘बरं’ वाटत नाही आणि नाही टाकला तर लगेच काही बिघडतही नाही.

आजोबा अजून ओट्यावर बसतात. आवाजावरून ओळखतात. मागच्या आठवड्यात मी पप्पांचं सांगितलं, तर म्हणाले, “बरं झालं. त्याचं पिकायची वाट नाही बघितली.”

हे एवढं करा

• या रविवारी घरी विचारा: आजी-आजोबा, काका, मावशी, आत्या, कोणाला काचबिंदू आहे किंवा होता का?

• आई-वडील चाळिशीपुढचे असतील तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दाब आणि नस दोन्ही तपासून घ्या. चष्म्याच्या दुकानातली नंबरची तपासणी म्हणजे काचबिंदूची तपासणी नव्हे. आपल्याकडे घाटीत नेत्ररोग विभाग आहे.

• घराण्यात काचबिंदू असेल, तर तुम्हीही चाळिशीची वाट बघू नका. डॉक्टरांना तसं सांगून तपासून घ्या.

• डोळा अचानक खूप दुखतोय, लाल झालाय, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतायत, मळमळ-उलटी होतेय, तर ते पित्त किंवा अर्धशिशी समजून झोपू नका. हा काचबिंदूचा अचानक येणारा प्रकार असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

• घरात कोणाचे थेंब चालू असतील तर त्यांच्या मोबाइलवर अलार्म लावून द्या. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये किमान पाच मिनिटं सोडा.