रंगाचा वास आणि कायद्याचें बंधन

दिवाळीपूर्वीं वाड्याला सफेदी देण्याची चाल सातारा-सांगलीकडे जुनी आहे. चुना पाण्यांत कालवीत आणि भिंत वाळतांना हवेंत जाई तें केवळ पाणी. आतां चुन्याची जागा डबाबंद रंगांनीं घेतली आहे. दारें, खिडक्या व गज यांना ऑईलपेंट लागतो. तो पातळ करावयास टर्पेंटाइन किंवा थिनर लागतें आणि ब्रश धुण्यासही तेंच. दर्प असह्य झाला म्हणजे आपण मुलांना दुसऱ्या खोलींत नेतों, खिडक्या उघडतों आणि चार दिवसांत वास गेला कीं निश्चिंत होतों. तो गेला कोठें, असें मात्र कोणी विचारीत नाहीं.

ऑईलपेंटांत मुख्यतः तीन घटक असतात: रंगद्रव्य, त्यास धरून ठेवणारें राळेसारखें बंधक आणि दोहोंना पातळ ठेवणारा द्रावक. पहिले दोन लाकडावर राहतात; तिसरा उडून जातो. बाहेर त्याच्या बाष्पाची गांठ वाहनांच्या धुरांतील नायट्रोजनच्या ऑक्साइडांशीं पडते आणि कडक उन्हांत त्यांपासून ओझोन वायु बनतो. आकाशांत फार उंचावर हाच वायु सूर्याच्या घातक किरणांपासून आपलें रक्षण करितो. परंतु जमिनीलगत तो श्वासमार्गाचा दाह करितो आणि दमेकऱ्यांस विशेष जाचतो.

हा कार्यकारणभाव १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञानें अमेरिकेंतील लॉस एंजेलिसच्या हवेवरून उलगडून दाखविला. पुढें १९६६ मध्यें तेथें द्रावकांवर निर्बंध आले. युरोपीय संघानें २००४ मध्यें कायदा करून घरांतील बिनचकाकीच्या भिंतरंगांत लिटरमागें ३० ग्रॅमहून अधिक बाष्पद्रव्य नसावें, अशी मर्यादा २०१० पासून घातली. द्रावकयुक्त रंगांना त्यापूर्वीं ४०० ग्रॅमपर्यंत मुभा होती, हें ध्यानांत घेतां या बंधनाचें महत्त्व कळेल.

आपल्याकडे ओझोनची मर्यादा २००९ मध्यें ठरली: आठ तासांच्या सरासरीनें घनमीटरमागें १०० मायक्रोग्रॅम. पण ओझोन कोणत्याच धुराड्यांतून निघत नाहीं. त्यास आवरावयाचें तर ज्यांपासून तो बनतो तीं द्रव्येंच आवरलीं पाहिजेत. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमांत सांगलीचें नांव आहे. तथापि त्या कार्यक्रमाचा भर धूलिकणांवर आहे. रंगाच्या डब्यांतील बाष्पद्रव्यास देशभर सक्तीची मर्यादा अद्याप नाहीं. १९९१ मध्यें निघालेली मडक्याच्या चिन्हाची पर्यावरणमुद्रा ऐच्छिक होती आणि तिच्या जागीं २०२४ मध्यें आलेले नियमही ऐच्छिकच आहेत.

कोणी म्हणेल, सुज्ञ गृहस्थानें पारखून घ्यावें, कायदा कशाला? यास उत्तर शिशाच्या उदाहरणांत आहे. घरगुती रंगांतील शिशाची मर्यादाही पूर्वीं ऐच्छिकच होती. २०१६ च्या नियमांनीं दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा सक्तीची केली आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आली. शिसें डोळ्यांना दिसत नाहीं, तसें बाष्पही गिऱ्हाइकास मोजतां येत नाहीं. शिवाय जो रंगारी वर्षानुवर्षें बंद खोल्यांतून हें बाष्प श्वासावाटे घेतो, तो डबा निवडीत नाहीं. निवडतों आपण, आणि तेंही बहुधा किंमत पाहून. त्याच्या छातीचें रक्षण आपल्या मर्जीवर सोडणें न्याय्य नव्हे. नियम कारखान्याच्या दाराशींच हवा.

तोंवर गृहस्थाच्या हातीं थोडें तरी आहे. शक्य तेथें पाण्यांत कालवावयाचे रंग मागावे आणि डब्यावर बाष्पाचें प्रमाण लिहिलें आहे का, तें पाहावें. थिनरचें झांकण घट्ट लावावें व उरलेलें थिनर गटारांत ओतूं नये. रंगाऱ्यास खिडक्या उघड्या ठेवून काम करूं द्यावें, मग दोन दिवस अधिक लागले तरी चालतील. आणि मतें मागावयास जे दारीं येतात, त्यांस हा प्रश्न एकदां अवश्य विचारावा.