आधी ओळख, मग टपाल

ईमेल पाठवण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो आणि नको असलेले ईमेल ओळखून बाजूला काढण्याचा खर्च मात्र ते ज्याच्याकडे पोहोचते त्याला, वेळेच्या आणि लक्षाच्या रूपाने, सोसावा लागतो. कागदी पत्रावर तिकिटाचे पैसे पाठवणारा भरतो, त्यामुळे लाखभर लोकांना निरर्थक पत्रे धाडण्याआधी तो दहादा विचार करतो. ईमेलमध्ये त्या लाखांपैकी दोन-चार गिऱ्हाइके गळाला लागली तरी धंदा किफायतशीर ठरतो. नकोशा ईमेलचा, म्हणजे ‘स्पॅम’चा, सगळा प्रश्न या विषम हिशेबातून उभा राहिला, आणि तो सोडवण्यासाठी जे उपाय सुचवले गेले त्यांत सर्वांत सरळ दिसणारा उपाय असा होता की, पाठवणाऱ्याला आधी मान्यता मिळाल्याशिवाय त्याचे पत्र पेटीत येऊच द्यायचे नाही. परंतु ती मान्यता कोणी द्यायची, कोणत्या पुराव्यावर द्यायची आणि त्या खटाटोपाचा भार कोणी उचलायचा, हे ठरवताना हा उपाय फारच अडचणीत आला.

ईमेलची मूळ रचना परस्परविश्वासावर उभी होती. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीतील गॅरी थर्क यांनी आपल्या नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण अर्पानेट या तत्कालीन संशोधन-जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना एकदम पाठवले, तेव्हा तक्रारी झाल्या, कानउघाडणी झाली आणि प्रकरण तिथेच मिटले. पुढे १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी ‘एसएमटीपी’ या नावाने ओळखले जाणारे नियम, म्हणजे पत्र देताना-घेताना दोन यंत्रांनी एकमेकांशी कसे बोलायचे याची संहिता, लिहून काढली. तिच्यानुसार पाठवणारे यंत्र आधी परतीचा पत्ता सांगते, मग ज्याला पत्र द्यायचे त्याचा पत्ता सांगते आणि शेवटी मजकूर सोपवते. सांगितलेला परतीचा पत्ता खरोखर त्याचाच आहे की नाही, हे तपासण्याची सोय या संहितेत नव्हती. शिवाय वाचकाला पत्राच्या माथ्यावर दिसणारे प्रेषकाचे नाव आणि यंत्रांनी आपसांत सांगितलेला परतीचा पत्ता या दोन स्वतंत्र गोष्टी असून दोन्ही ठिकाणी वाटेल ते लिहिता येत असे.

पाठवणाऱ्यालाच थोडे कष्ट पडावेत, ही कल्पना सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर या संगणकशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये मांडली. अनोळखी पत्र पाठवणाऱ्या संगणकाने आधी एक बऱ्यापैकी अवघड गणित सोडवून दाखवावे, म्हणजे एका पत्रासाठी लागणारे काही क्षण कोणालाच जाणवणार नाहीत, पण लाखो पत्रे पाठवणाऱ्याला ते परवडणार नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता. ॲडम बॅक यांनी १९९७ मध्ये ‘हॅशकॅश’ या नावाने अशीच योजना पुढे आणली. ईमेलमध्ये ती रुजली नाही, मात्र २००८ मध्ये मांडल्या गेलेल्या बिटकॉइनच्या आराखड्यात तिचा अगदी निराळ्या कारणासाठी उपयोग झाला. दरम्यान १९९६ मध्ये नाओर यांनी आणखी एक शक्यता सुचवली होती: गणिताऐवजी असे कोडे घालावे, जे माणसाला सहज सुटते आणि यंत्राला सुटत नाही.

या दोन विचारांच्या संगमातून एकविसाव्या शतकाच्या आरंभी जी पद्धत प्रत्यक्षात आली तिला ‘चॅलेंज-रिस्पॉन्स’, म्हणजे आव्हान आणि प्रतिसाद, असे नाव पडले. तिची कार्यपद्धती अशी की, प्राप्तकर्त्याच्या सर्व्हरवर ‘व्हाइटलिस्ट’ नावाची मान्य पत्त्यांची यादी असते, आणि त्या यादीतल्या पत्त्यावरून आलेले पत्र थेट पेटीत पडते. यादीत नसलेल्या पत्त्यावरून पत्र आले तर ते एका प्रतीक्षा-कप्प्यात अडवून ठेवले जाते आणि त्याच्या परतीच्या पत्त्यावर एक यांत्रिक उत्तर जाते की, आपले पत्र पोहोचवायचे असेल तर या दुव्यावर जाऊन चित्रात दिसणारे आकडे भरावेत, किंवा नुसते याच पत्राला उत्तर द्यावे. प्रेषकाने तेवढे केले की अडवलेले पत्र सुटते आणि त्याचा पत्ता कायमचा यादीत जातो. ठरावीक मुदतीत काही केले नाही तर पत्र पुसले जाते. लाखो पत्रे सोडणारा स्पॅमवाला एकेका आव्हानाला उत्तर देत बसणार नाही, आणि बहुतेकदा त्याने दिलेला परतीचा पत्ता त्याचा नसल्यामुळे ते आव्हान त्याच्यापर्यंत पोहोचणारच नाही, हे या पद्धतीचे बळ मानले गेले. तीच तिची दुबळी बाजूही होती, हे पुढे दिसेल.

‘टीएमडीए’ ही मुक्त संगणक-प्रणाली या पद्धतीची सर्वांत चतुर मांडणी म्हणता येईल, कारण तिने आव्हानाला फाटा देण्याच्याही वाटा शोधल्या होत्या. वापरकर्ता स्वतः ज्यांना पत्र लिहितो त्यांचे पत्ते तिला आपोआप मान्य करता येत. त्याशिवाय ठरावीक दिवसांनी निकामी होणारा किंवा एकाच प्रेषकापुरता चालणारा पत्ताही ती तयार करून देई, आणि तो पत्ता कोणी बनावट रचू नये म्हणून त्यात गुप्त किल्लीने काढलेली खूण गुंफलेली असे. सामान्य माणसापर्यंत मात्र ही पद्धत २००३ मध्ये पोहोचली. त्या वर्षी फिल गोल्डमन यांनी ‘मेलब्लॉक्स’ ही याच तत्त्वावर चालणारी सेवा सुरू केली आणि मे महिन्यात अर्थलिंक या मोठ्या अमेरिकी इंटरनेट कंपनीने आपल्या ग्राहकांना हीच पद्धत ऐच्छिक सोय म्हणून देऊ केली.

पेटी खरोखरच स्वच्छ होत होती. या पद्धतीचे समर्थक आपल्या पेटीतला फरक अभिमानाने दाखवत, आणि तो खराही होता. शेजाऱ्याच्या पेटीत काय जमा होते आहे, याची नोंद मात्र त्यांच्या हिशेबात नसे. स्पॅमवाले परतीचा पत्ता म्हणून एखाद्या तिऱ्हाइताचा, खऱ्याखुऱ्या माणसाचा पत्ता सर्रास घालत असल्याने प्रत्येक अडवलेल्या स्पॅममागे एक आव्हान त्या निरपराध माणसाकडे जात होते. ज्याचा पत्ता एखाद्या मोठ्या मोहिमेत असा वापरला गेला, त्याच्यावर त्याने कधीच न लिहिलेल्या पत्रांबद्दल ‘आपण माणूसच आहात हे सिद्ध करा’ अशा विनंत्यांचा वर्षाव होई, आणि त्यातल्या एखाद्या विनंतीला वैतागून किंवा गोंधळून त्याने होकार दिला तर स्पॅम सन्मानाने पेटीत जाई. ईमेल-व्यवस्थापकांच्या भाषेत याला ‘बॅकस्कॅटर’, म्हणजे उलट उडालेले शिंतोडे, म्हणतात. याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण ऑगस्ट २००३ मध्ये पसरलेल्या ‘सोबिग-एफ’ या संगणक-विषाणूने घालून दिले: तो लागण झालेल्या संगणकात सापडलेल्या पत्त्यांपैकी एकाला प्रेषक करी आणि दुसऱ्यांना पत्रे पाठवी. एकाच संगणकात सापडलेले पत्ते बहुधा एकमेकांच्या ओळखीचे असल्याने विषाणूचे पत्र कित्येकदा व्हाइटलिस्टमधून बिनबोभाट आत शिरे, आणि जिथे अडवले जाई तिथून निघालेले आव्हान भलत्याच माणसाच्या माथी मारले जाई. यादीची भिंत जिथे भक्कम हवी नेमकी तिथेच ती भुसभुशीत ठरली.

दुसऱ्या अडचणी तुलनेने लहान होत्या, तरी रोजच्या होत्या. रेल्वेचे तिकीट, दुकानाची पावती, बँकेची सूचना ही पत्रे यंत्रेच पाठवतात, आणि यंत्रे आकडे वाचून उत्तर देत नाहीत. त्यामुळे नेमकी हवी असलेली पत्रे प्रतीक्षा-कप्प्यात पडून राहत आणि तो कप्पा चाळण्याचे जे काम टाळायचे होते तेच पुन्हा करावे लागे. दोन्ही बाजूंनी हीच पद्धत वापरणारी माणसे एकमेकांची आव्हाने अडवून धरण्याचा धोका होता, आणि तो टाळायला वेगळ्या तरतुदी कराव्या लागत. चित्रातले आकडे दृष्टिहीन व्यक्तीला दिसत नाहीत, हा आक्षेपही गंभीर होता. आणि नोकरीसाठी अर्ज मागवणाऱ्याने किंवा मदत मागणाऱ्याने उत्तर देणाऱ्यालाच दारात उभे करून ओळख विचारावी, यात जो उद्धटपणा आहे तो कोणत्याही तांत्रिक सुधारणेने जाण्यासारखा नव्हता.

ही पद्धत मागे पडण्याचे आणखी एक कारण असे की, तिच्याशी स्पर्धा करणारा उपाय कोणाकडे काही मागत नव्हता. पॉल ग्रॅहम यांनी ऑगस्ट २००२ मध्ये लिहिलेल्या एका निबंधामुळे शब्दांच्या संभाव्यतेवरून स्पॅम ओळखणाऱ्या गाळण्या लोकप्रिय झाल्या. वापरकर्त्याने आधी निवडून दिलेल्या बऱ्या-वाईट पत्रांवरून त्या शिकत, आणि प्रेषकाला त्यांचा पत्ताही लागत नसे. जानेवारी २००४ मध्ये दावोसच्या परिषदेत बिल गेट्स यांनी दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल असे भाकीत केले, ते फसले. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या जीमेलसारख्या प्रचंड सेवांना कोट्यवधी पेट्यांतला अनुभव एकत्र करून गाळण्या शिकवता आल्या. मेलब्लॉक्स २००४ मध्ये एओएल कंपनीने विकत घेतली आणि तिचे स्वतंत्र अस्तित्व संपले.

यानंतर परतीच्या पत्त्याची मूळ त्रुटी हळूहळू बुजवली गेली. ‘एसपीएफ’ या व्यवस्थेत एखाद्या डोमेनच्या, म्हणजे पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाच्या, वतीने पत्रे कोणती यंत्रे पाठवू शकतात याची यादी त्या नावाचा मालक जाहीर करतो, ‘डीकेआयएम’मध्ये प्रत्येक पत्रावर गणिती स्वाक्षरी असते, आणि ‘डीमार्क’ या दोन्हींची सांगड वाचकाला दिसणाऱ्या नावाशी घालून, तपासणीत नापास झालेल्या पत्राचे काय करावे हे सांगतो. गंमत अशी की, आव्हान-प्रतिसाद पद्धतीला जी गोष्ट हवी होती, म्हणजे प्रेषकाच्या पत्त्याची बऱ्यापैकी खात्री, ती मिळाली तोवर ती पद्धत जवळजवळ विस्मृतीत गेली होती. मान्यतेचे तत्त्व मात्र मेले नव्हते. ते वापरकर्त्याच्या हातून निघून मोठ्या कंपन्यांकडे गेले. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्याला या तिन्ही व्यवस्था लागू करणे, एका टिचकीत नाव काढण्याची सोय देणे आणि तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवणे बंधनकारक झाले. स्वतःचा छोटा मेल-सर्व्हर चालवणाऱ्या संस्थेचे निर्दोष पत्रही आज स्पॅमच्या कप्प्यात जाऊ शकते, आणि तिथे आव्हान येत नसल्याने आपल्याला अडवले आहे हेही तिला कळत नाही.

भारतात आधी मान्यता घेण्याचे तत्त्व ईमेलपेक्षा मोबाइलवरच्या संदेशांना अधिक कडकपणे लागू झाले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘ट्राय’च्या, २०१८ च्या विनियमांनुसार बँका, दुकाने व अन्य संस्थांना संदेशावर दिसणारे आपले नाव आणि संदेशाच्या मजकुराचा साचा हे दोन्ही मोबाइल कंपन्यांच्या सामाईक नोंदवहीत आधी नोंदवावे लागतात, आणि त्या साच्यात न बसणारा संदेश वाटेतच गळतो. ८ मार्च २०२१ रोजी ही छाननी प्रत्यक्ष सुरू झाली तेव्हा अनेक संस्थांनी साचे नोंदवलेले नसल्याने पैशांच्या व्यवहारांसाठी लागणारे ‘ओटीपी’ मोठ्या प्रमाणावर अडले, आणि ट्रायला ती छाननी सात दिवसांसाठी स्थगित करावी लागली. ईमेलमध्ये रेल्वेच्या तिकिटाबाबत जे घडत होते त्याचीच ही देशव्यापी आवृत्ती होती. आता संदेशावर दिसणाऱ्या संस्थेच्या नावाच्या शेवटी जाहिरात, सेवा, व्यवहार किंवा सरकारी संदेश यांचे निदर्शक अक्षरही जोडलेले असते.

ईमेलमध्ये मान्यतेचा अधिकार वापरकर्त्याच्या हाती परत देण्याचा एक प्रयत्न जून २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘हे’ या सशुल्क अमेरिकी ईमेल-सेवेने केला आहे. तिच्यात पहिल्यांदा लिहिणाऱ्याचे पत्र वेगळ्या कप्प्यात थांबते आणि पेटीचा मालक त्याला एकदाच हो किंवा नाही म्हणतो. प्रेषकाकडे आव्हान जात नाही, त्यामुळे बनावट परतीच्या पत्त्याचा त्रास कोणा तिऱ्हाइताला होत नाही. निवड करण्याचे कष्ट पुन्हा प्राप्तकर्त्यावर आले आहेत, फक्त ते दर पत्रामागे न पडता दर प्रेषकामागे एकदा पडतात, आणि त्यासाठी त्याने वर्षाला पैसेही मोजायचे असतात.