एकपात्री प्रयोग आणि नवशिक्षकाचे पहिले वर्ष

अध्यापन विद्यालयातून बाहेर पडलेला शिक्षक पहिल्या नेमणुकीच्या गावी येतो, तेव्हा त्याच्यापाशी पाठाचे टाचण असते, बालमानसशास्त्राची तत्त्वे असतात आणि सेवेची उमेदही असते. परंतु समोर बसलेली तीस-चाळीस मुले आपल्याकडे कोणत्या दृष्टीने पाहत आहेत, याची त्यास कल्पना नसते. या पहिल्या वर्षात शिक्षकाला जे वळण लागते, ते बहुधा सेवानिवृत्तीपर्यंत टिकते. असे असूनही या वर्षाचा अनुभव सहसा अबोलच राहतो. शाळाभेटीत टाचणवही पाहिली जाते, हजेरीपट पाहिला जातो. शिक्षकाच्या मनावर काय बेतले आहे, हे पाहण्यास रकाना नसतो. हा अबोल अनुभव बोलका करण्याचे एक साधन रंगभूमीपाशी आहे. ते म्हणजे एकपात्री प्रयोग होय.

एकपात्री प्रयोग मराठी माणसास नवा नाही. पु. ल. देशपांडे यांनी ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर उभी केली. प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या प्रयोगात बावन्न व्यक्तिरेखा एकट्याने साकारल्या. या कलेचे मर्म वेषांतरात नाही. पाठीचा कणा किती वाकला, नजर वर लागली की खाली, आवाज छातीतून आला की नाकातून, आणि बोलण्यापूर्वी पात्र किती थांबले, एवढ्यावर नट माणूस बदलतो. अर्थात प्रत्येक पात्राच्या जागी उभे राहून तेथून जग पाहिल्यावाचून हे साधत नाही.

शाळा हाच विषय असलेला असा एक प्रयोग अमेरिकेत न्यूयॉर्क येथे 2006 साली रंगभूमीवर आला. त्याचे नाव ‘नो चाइल्ड...’ आणि लेखिका व एकमेव अभिनेत्री नायलाजा सन. सरकारी शाळांत जाऊन नाट्यशिक्षण देण्याचा अनेक वर्षांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. नाटकाचे नाव 2002 साली अंमलात आलेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ या कायद्याकडे बोट दाखवते. त्या कायद्याने तिसरी ते आठवीच्या मुलांची वाचन व गणित या विषयांत दरवर्षी परीक्षा घेणे राज्यांवर बंधनकारक केले होते. 2015 साली त्याच्या जागी दुसरा कायदा आला.

ब्रॉन्क्स भागातील एका कल्पित शाळेत हे कथानक घडते. दाराशीच धातुशोधक यंत्रातून जावे लागते, अशी ही शाळा. तेथील दहावीच्या एका अवघड वर्गाकडून काही आठवड्यांत नाटक बसवून घेण्याचे काम बाहेरून आलेल्या नाट्यशिक्षिकेवर येते. या वर्गाच्या नित्याच्या शिक्षिका मिस टॅम नवशिक्षिका आहेत. सन यांनी सोळा पात्रे एकट्याने उभी केली: उर्मट मुलगा, पुटपुटणारा लाजाळू मुलगा, मुख्याध्यापिका, दारावरचा पहारेकरी आणि कथा सांगणारा वृद्ध सफाई कामगार. शाळेच्या इमारतीचा सारा इतिहास या कामगारास ठाऊक आहे, ही योजना मार्मिक आहे.

मुलांनी बसवायचे नाटकही विचारपूर्वक निवडलेले आहे. टिंबरलेक वर्टेनबेकर यांचे ‘अवर कंट्रीज गुड’ हे ते नाटक. इंग्लंडमधून ऑस्ट्रेलियात हद्दपार केलेल्या कैद्यांनी 1789 साली सिडनी येथे एक विनोदी नाटक खरोखरच करून दाखविले होते. त्या घटनेवर ते आधारलेले आहे. यांच्याकडून काही होणार नाही, असे ज्यांच्याविषयी ठरून गेले होते, त्यांनी पाठांतर केले, तालमी केल्या आणि प्रेक्षकांसमोर उभे राहिले. आपली शाळाही तुरुंगासारखीच आहे, असे ज्या मुलांस वाटते, त्यांच्या हाती हे नाटक येते.

मिस टॅम मात्र टिकत नाहीत. त्या नोकरी सोडून जातात. त्यांच्या जागी दुसरे शिक्षक येतात. मुले तेथेच राहतात. आपणास येथे थांबून विचार करावयास हवा. नवशिक्षक खचतो तेव्हा तो नेहमीच राजीनामा देतो असे नाही. आपल्याकडे तो बहुधा शाळेतच राहतो, पण मनाने वर्गातून निघून जातो. फळ्यावर लिहितो, हजेरी मांडतो, आणि मुलांकडे पाहणे सोडून देतो. हे निघून जाणे कोणत्याही नोंदवहीत दिसत नाही. म्हणून ते अधिक घातक.

ज्या मुलाने आपणास छळले, त्याचेच पात्र करावयाचे ठरले की त्याच्या छळामागचे कारण शोधावे लागते. एकपात्री प्रयोगाचा शिक्षकास होणारा खरा लाभ हाच होय. एका द्विशिक्षकी शाळेतील नवशिक्षिकेने शिक्षण परिषदेत असा दहा मिनिटांचा प्रयत्न केला होता. तिच्या वर्गातील एक मुलगा फळ्यावरचे उतरवून घेत नसे. तो हट्टी आहे, अशी तिची समजूत होती. त्याची भूमिका तयार करताना ती शाळा सुटल्यावर त्याच्या जागी मांडी घालून बसली. दारातून येणाऱ्या उजेडाने फळा तेथून नुसता चकाकत होता. अक्षर दिसत नव्हते. दुसऱ्या दिवशी तिने मुलाची जागा बदलली. हट्ट त्या दिवसापासून उरला नाही.

आपापल्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत हा उपक्रम करू इच्छिणाऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

(1) संपूर्ण वर्षाचा वृत्तांत सांगू नये. एकच तासिका निवडावी, शक्यतो बिघडलेली.

(2) तीन-चार पात्रे पुरेत. प्रत्येकास एक लकब व एक नजर द्यावी. सामग्री म्हणून एक खुर्ची असली म्हणजे झाले.

(3) मुलांची नावे व ओळखीच्या खुणा बदलाव्यात. कोणाच्या बोलीची, व्यंगाची वा गरिबीची नक्कल हशा मिळविण्यासाठी करू नये. ज्या मुलाला हसू आले, त्याच्या जागी आपण अद्याप उभे राहिलो नाही, असे समजावे.

(4) स्वतःचे, म्हणजे शिक्षकाचे पात्र सर्वांत शेवटी तयार करावे. मुलांच्या जागेवरून पाहिलेला शिक्षक बराच निराळा दिसतो.

(5) प्रयोगानंतर अभिनयाचे गुणदोष काढू नयेत. ‘त्या क्षणी दुसरे काय करता आले असते?’ एवढ्याच प्रश्नावर चर्चा व्हावी. ज्येष्ठ शिक्षकांनी उपदेशापूर्वी आपल्या पहिल्या वर्षातील एखादा प्रसंग सांगावा.

केंद्रप्रमुखांनी अशा प्रयोगाची नोंद मूल्यमापनासाठी वापरू नये, ही आग्रहाची सूचना. जेथे उणीव उघड केल्याची शिक्षा होते, तेथे कोणी खरे बोलत नाही. शाळेत चांगले शिक्षक यावेत म्हणून आपण पुष्कळ खटपट करतो. आलेला शिक्षक पहिल्या वर्षी एकटा पडू नये, हेही त्याच खटपटीचे अंग मानले पाहिजे. एकपात्री प्रयोगात रंगमंचावर माणूस एकटा असतो खरा. परंतु समोर ऐकणारी माणसे असतात. नवशिक्षकास निदान तेवढे तरी आपण देऊ शकतो.