थायरॉइडची गाठ: संशय कशाचा?

थायरॉइडची गाठ घोट गिळताना वरखाली हलते. आरशासमोर पाणी पिताना ती कित्येकांना पहिल्यांदा दिसते. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. काही कोलॉइड नावाच्या चिकट द्रवाने फुगलेल्या, काही पाण्याच्या, तर काही हाशिमोटो आजाराच्या सुजेतून आलेल्या असतात. फॉलिक्युलर ॲडिनोमा ही साधी गाठ मात्र फसवी. सुईने काढलेल्या पेशींवरून ती आणि त्याच जातीचा कर्करोग वेगळे ओळखता येत नाहीत. गाठीचे आवरण भेदले गेले आहे का, हे शस्त्रक्रियेनंतरच कळते.

सोनोग्राफीत रुंदीपेक्षा उंची जास्त, कडा वेड्यावाकड्या आणि आत चुन्याचे बारीक कण दिसले, की संशय बळावतो. कर्करोग निघालाच तर तो बहुधा पॅपिलरी असतो. तो सावकाश वाढतो आणि उपचारांनी बहुतेक रुग्ण बरे होतात, हे घाबरलेल्या घरच्यांना आधी सांगायला हवे. लहानपणी किरणोत्सर्गाच्या संपर्कात आलेल्यांत तो अधिक आढळतो. १९८६च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर तिथल्या मुलांत हेच दिसले. मेड्युलरी कर्करोग कधी आनुवंशिक असतो. उतारवयात झपाट्याने वाढणारी, आवाज बसवणारी गाठ ॲनाप्लास्टिक कर्करोगाची किंवा लिम्फोमाची असू शकते. तिथे एक आठवडाही दवडू नये.