अमेरिकेंतील हायस्कूल : अवघड विषय कीं चांगले गुण ?

पुण्यामुंबईच्या कित्येक सुशिक्षित घरांत हल्लीं एक नवा प्रश्न दूरध्वनीवरून येऊन पोहोंचतो. न्यू जर्सींत किंवा कॅलिफोर्नियांत वाढणारी नात दहावींतून अकरावींत जाणार असते, आणि पुढील वर्षाचे विषय निवडून देण्यास शाळेनें सांगितलेलें असतें. अवघड वर्ग घेऊन 'बी' पत्करावा, कीं सोपा घेऊन 'ए' राखावा ? आजोबांस प्रथम हा प्रश्नच उमगत नाहीं. सर्वांस एकच प्रश्नपत्रिका आणि शेवटीं टक्के, अशा व्यवस्थेंत ज्यांचें शिक्षण झालें, त्यांना एकाच शाळेंत एकाच विषयाचे दोन-तीन दर्जे असावेत हें चमत्कारिक वाटावें, यांत नवल नाहीं.

अमेरिकेंत हायस्कूलचीं वर्षें चार, नववी ते बारावी. आपल्या शालान्त परीक्षेसारखी सर्वांचें भवितव्य ठरविणारी एकच परीक्षा तेथें नाहीं. महाविद्यालय मुख्यतः पाहतें तें वर्षानुवर्षांचें प्रगतिपत्रक. 'ए'चे ४ अंक, 'बी'चे ३, 'सी'चे २, असें धरून त्याची सरासरी काढतात. साध्या वर्गांच्या वरचे जे वर्ग, त्यांत 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट', संक्षेपानें 'एपी', हे सर्वांत प्रसिद्ध. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा हा अभ्यासक्रम कॉलेज बोर्ड ही संस्था चालविते. तिच्या या परीक्षा १९५६ सालीं सुरू झाल्या. आज विषय सुमारें ४० आहेत. परीक्षा मे महिन्यांत होते व तिचे गुण १ ते ५. तीन किंवा अधिक गुण मिळाल्यास पुष्कळ विद्यापीठें त्या विषयांत पुढें सूट देतात. पण वर्गांतील अक्षर निराळें आणि मे महिन्यांतील गुण निराळा. अक्षर वर्षभराच्या कामावरून शिक्षक देतो, आणि प्रवेशाच्या वेळीं अधिक वजन त्या अक्षराचें असतें. या दोहोंची गल्लत पालकांकडून फार होते.

अवघड वर्ग घेणाऱ्याचें नुकसान होऊं नये म्हणून अनेक शाळा 'एपी'च्या 'ए'स ४ ऐवजीं ५ अंक देतात, 'बी'स ४. हेतु चांगला, परंतु त्याचा हिशेब कधीं कधीं वेडावांकडा होतो. एका मुलीनें पांच एपी वर्ग घेतले व पांचांत 'ए' मिळविला. सहावा वर्ग वाद्यवृंदाचा, तेथेंहि 'ए', पण त्याचे अंक चारच. बेरीज २९, सरासरी ४.८३. तिनें व्हायोलिन सोडून दिलें असतें तर सरासरी पूर्ण ५ झाली असती ! उलट, तीन एपी वर्गांत 'बी' व तीन साध्या वर्गांत 'ए' मिळविणारा मुलगा, आणि सहाहि साध्या वर्गांत 'ए' मिळविणारा मुलगा, दोघांचीहि सरासरी बरोबर ४ येते. तेव्हां आंकड्यावरून कांहींच कळत नाहीं असें नव्हे, पण आंकडा एकटा बोलत नाहीं.

विद्यापीठांस हें ठाऊक आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठ शाळेची सरासरी न घेतां आपली स्वतः काढतें. त्यासाठीं दहावी व अकरावीचेच गुण धरतें, आणि वाढीव अंक जास्तींत जास्त आठ सहामाह्यांना, म्हणजे चार वर्षभरांच्या वर्गांना, देतें. त्यापुढें दहा एपी घेतले तरी या सरासरींत भर पडत नाहीं. टेक्ससमध्यें गोष्ट वेगळी. तेथें १९९७ च्या कायद्यानें आपापल्या शाळेंतील वरच्या दहा टक्के विद्यार्थ्यांस राज्याच्या विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळूं लागला; ऑस्टिनच्या विद्यापीठापुरती ही मर्यादा उतरत जाऊन २०२६ च्या प्रवेशांस पांच टक्क्यांवर आली. जेथें क्रमांकावर सर्व कांहीं, तेथें दशांशासाठीं झटापट होणारच, आणि व्हायोलिनचा बळी तेथेंच आधीं पडतो. मुलांस दोष देण्यांत अर्थ नाहीं.

इतर पुष्कळ महाविद्यालयांत अर्ज वाचणारा मनुष्य असतो. शाळेची माहिती देणारें एक पत्रक त्याच्या हातीं असतें, आणि शाळेच्या सल्लागारास विचारलेलें असतें कीं, या विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम शाळेंत उपलब्ध असलेल्या अभ्यासक्रमांच्या मानानें कितपत कठीण होता ? म्हणून चार एपी वर्ग असलेल्या शाळेंतील तीन, आणि पंचवीस असलेल्या शाळेंतील तीन, या दोन तीनांचें मोल एक नाहीं. 'ए' कीं 'बी', असें पालकांनीं विचारलें म्हणजे प्रवेशाधिकारी सांगतात, "अवघड वर्गांत 'ए' मिळवा." सभागृह हंसतें, पालक हंसत नाहींत.

खरा प्रश्न मात्र अकरावींत उभा राहत नाहीं, तो तेराव्या वर्षींच उभा राहिलेला असतो. बारावींत कॅल्क्युलस हवें तर अकरावींत त्याची पूर्वतयारी, दहावींत दुसरें बीजगणित, नववींत भूमिति, आणि म्हणून आठवींतच पहिलें बीजगणित, अशी ही शिडी आहे. खालची पायरी कच्ची राहिली तर वरच्या वर्गाचें नांव कितीहि मोठें असो, मूल तेथें घसरतें. लॉस एंजलिसच्या पूर्व भागांतील गारफील्ड हायस्कूलमध्यें बोलिव्हियाहून आलेले हायमे एस्कालान्ते १९७४ सालीं शिक्षक झाले. मुलें गरीब कामकऱ्यांचीं. १९८२ सालीं त्यांचे १८ विद्यार्थी एपी कॅल्क्युलसच्या परीक्षेंत उत्तीर्ण झाले, आणि परीक्षा घेणारांस संशय आला ! चौदा जणांवर ठपका आला. त्यांपैकीं बारा जण पुन्हां परीक्षेस बसले व सर्व उत्तीर्ण झाले. १९८८ सालीं यावर चित्रपट निघाला, पण चित्रपटांत काळ फार आंखडला आहे. प्रत्यक्षांत गुरुजींनीं खालच्या वर्गांचें गणित पक्कें करण्यांत वर्षें घालविलीं होतीं. तो अवघड वर्ग त्या मुलांस पेलला, कारण त्याखालीं पाया होता.

तेव्हां निवडतांना पहिली गोष्ट पाहावी ती मागील वर्गांतील अक्षर. त्या विषयांत 'ए' किंवा बरा 'बी' असेल आणि गोडी असेल, तर एपी घ्यावा. तेथें एखादा 'बी' आला तर कोणाचें तारूं बुडत नाहीं. मागें कसाबसा 'सी' असतांना केवळ शेजारच्या मुलानें घेतला म्हणून एपी भौतिक घेणें हा आततायीपणा होय. एका वर्षीं किती घ्यावे, याला उत्तर घड्याळांत आहे. त्या वयाच्या मुलांस आठ ते दहा तास झोंप हवी, असें निद्रावैद्यकांच्या अमेरिकन संस्थेनें २०१६ सालीं सांगितलें. कॅलिफोर्नियानें तर २०१९ सालीं कायदा करून, २०२२ पासून बहुतेक सर्व सरकारी हायस्कुलें साडेआठपूर्वीं भरूं नयेत असें ठरविलें. पांचव्या एपीसाठीं रात्रीं एक वाजेपर्यंत दिवा जळत असेल तर त्याची किंमत आधींच्या चार अक्षरांतून वसूल होते. पालकांनीं शाळेच्या सल्लागारास एकच नेमका प्रश्न विचारावा : या मुलाचा हा अभ्यासक्रम आमच्या शाळेच्या मानानें आपण कोणत्या प्रतीचा लिहाल ? पांच एपींऐवजीं तीन घेऊनहि ती वरची प्रत राहत असेल, तर उरलेले दोन कशाकरितां, हें घरीं बसून ठरवितां येतें.

आणि बारावींत, प्रवेशाचें पत्र हातीं आल्यावर, अवघड वर्ग गुपचूप टाकून देण्याचा मोह कित्येकांस होतो. तें पत्र सशर्त असतें. शेवटच्या वर्षाचें गुणपत्रक उन्हाळ्यांत विद्यापीठाकडे जातें. त्यांत 'डी' किंवा 'एफ' निघाल्यास मिळालेला प्रवेश रद्दहि होऊं शकतो, आणि अर्जांत लिहिलेला वर्ग मध्येंच सोडला तर कॅलिफोर्निया विद्यापीठास तसें कळवावें लागतें.