पिंपातला समुद्र

आपल्या हिंगोलीपासून समुद्र फार लांब. मुंबई गाठायची तर सडकेने ५०० किलोमीटरच्या वर जावे लागते. आपण कयाधू पाहतो, पैनगंगा पाहतो, औंढ्याकडे गेलो तर सिद्धेश्वरचे धरण पाहतो. हे सगळे गोडे पाणी. मग समुद्राचे मासे पाळण्याच्या गोष्टी आपल्याला कशाला, असे कोणी विचारील.

विचारणे रास्त आहे. पण आपल्या भागातली पोरे पुण्या-मुंबईला कामाला जातात. कोणी बंगल्यावर कामाला राहतो, कोणी माशांच्या दुकानात लागतो. तिथे काचेच्या मोठ्या टाकीत समुद्राचे रंगीत मासे असतात. मालक सांगतो, "दर आठवड्याला थोडे पाणी बदलायचे." पोराला वाटते, त्यात काय मोठेसे? गुरांच्या हौदाचे बदलतो, तसे बदलू. आणि तिथेच घात होतो. मासे मरतात, आणि पोराची नोकरी जाते.

मुंबईला जाऊन आलेल्या जुन्या माणसांनी तारापोरवाला मत्स्यालय पाहिले असेल. ते १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उघडले. पुढे पुष्कळ वर्षे लोक ते बघायला जात. त्याच्यासमोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे खुद्द समुद्र. पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या घरात ती सोय कुठली? तिथे समुद्र घरीच तयार करावा लागतो. तो पिंपात भरून ठेवतात, आणि लागेल तसा टाकीत घालतात.

पण पाणी बदलायचेच कशाला? मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच घाण करतो. गोठ्यात सकाळी जो उग्र वास नाकात जातो, तो अमोनियाचा. तोच अमोनिया टाकीत तयार होतो. डोळ्यांना न दिसणारे जंतू त्याचे रूपांतर करतात आणि शेवटी नायट्रेट उरते. युरियातले नत्रही जमिनीत असेच बदलते आणि पिकाला मिळते. टाकीत मात्र पीक नाही. तिथे नायट्रेट साठतच जाते. ते कमी करायचा साधा उपाय म्हणजे थोडे जुने पाणी काढून तेवढेच नवे घालणे. २०० लिटरची टाकी असेल तर आठवड्याला २० लिटर, असा पुष्कळांचा रिवाज आहे.

हे नवे पाणी कसे असावे? समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मग किराणा दुकानातले मीठ घातले की झाले, असे वाटेल. तसे होत नाही, बरं का! मिठागरात समुद्राचे पाणी उन्हात आटवतात. आधी चुन्याचे क्षार खाली बसतात. मग खाण्याचे मीठ धरते. शेवटी जे कडू पाणी उरते, त्यात मॅग्नेशियम असते. ते कडू पाणी काढून टाकतात. म्हणजे आपल्या ताटात मीठ येते, पण समुद्रातला चुना आणि कडूपणा मिठागरातच राहतो. माशांना आणि प्रवाळांना तर हे सगळे हवे असते. म्हणून सगळे क्षार मोजून घातलेले खास मीठ मिळते. तेच वापरावे लागते.

लोणारचे सरोवर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. तेही पाणी खारे. पण त्यात सोडा इतका, की समुद्रातला मासा त्यात जगणार नाही. खारट लागले म्हणजे समुद्राचे झाले, असे नाही.

आता ज्या पाण्यात मीठ घालायचे, त्या पाण्याचे पाहू. विहिरीत आपण टीसीएल पावडर टाकतो. नळाच्या पाण्यातही क्लोरीन असते. माणसाला ते बाधत नाही, माशाच्या कल्ल्यांना जाळते. बोअरचे पाणी जड असते. भांड्याला पांढरा थर धरतो, तो त्याचाच. म्हणून ह्या कामाला यंत्रातून गाळून क्षार काढलेले पाणी घेतात.

आणखी एक गोष्ट ऐकून नवल वाटेल. तांब्याचा हंडा आपल्याकडे शुद्ध मानतात. ह्या कामात तांबे म्हणजे विष. खाऱ्या पाण्यात ते विरघळते, आणि कोळंबी, शंखातले जीव, प्रवाळ मरतात. हंडा नको, पितळेची बादलीही नको. अन्नासाठी बनवलेले प्लास्टिकचे पिंप घ्यावे. ज्या पिंपात कधी फवारणीचे औषध होते, ते कितीही धुतले तरी घेऊ नये. आमच्या मते अशा पिंपात माणसांचे पाणीही भरू नये. पण आपल्या गावात ते भरलेले आम्ही पाहिले आहे.

आधी पाणी भरावे, मग थोडे थोडे मीठ घालावे. उलट करू नये. मिठावर थोडेसे पाणी ओतले, तर घट्ट पाण्यात चुना फुटतो आणि पांढरा गाळ बनून तळाला बसतो. तो पुन्हा सहजी विरघळत नाही. पिंपात लहान पंप सोडून पाणी फिरते ठेवावे. एक दिवस तसे जाऊ द्यावे. घाईने ढवळून लगेच टाकीत ओतलेले पाणी गढूळ असते, वर एक आणि खाली दुसरेच असते.

नुसत्या वजनावर भरवसा ठेवू नये, कारण मीठ हवेतला दमटपणा ओढते. काटा लावावा. डेअरीवर दुधात काटा सोडतात, तो आपल्याला ठाऊक आहे. दुधात पाणी मारले असेल तर काटा जास्त बुडतो. खाऱ्या पाण्याचा काटाही तसाच. मीठ कमी असेल तर तो बुडतो, जास्त असेल तर वर उचलतो. त्याच्यावर १.०२५ ते १.०२६ अशा खुणा असतात. तिथे पाणी आले की ठीक.

आता खरी मेख सांगतो. पाणी तयार झाले, काटा बरोबर आला, पिंप कोपऱ्यात ठेवले. पंधरा दिवसांनी पाहावे तर पाणी खाली गेलेले. उन्हाळ्यात तर विचारूच नका. मनुष्य म्हणतो, थोडे आटले, काय बिघडले? बिघडते ते असे. १०० लिटर पाण्यात साडेतीन किलो क्षार होते. १० लिटर पाणी उडाले. क्षार उडाले का? नाही. ते सगळे उरलेल्या ९० लिटरमध्ये राहिले. म्हणजे लिटरला ३५ ग्रॅम होते, ते जवळजवळ ३९ झाले. ज्या प्रवाळाने साऱ्या जन्मात ३५ सोडून दुसरे पाहिले नाही, त्याला हे एकदम सोसत नाही. त्यासाठी पिंपावर घट्ट झाकण हवे, आणि पाण्याच्या उंचीची खूण बाहेरून रंगाने केलेली हवी. पाणी खुणेखाली गेले तर गाळलेले गोडे पाणी घालून खुणेपर्यंत आणावे. खारे घालू नये.

टाकीचेही हेच. टाकी उघडी असते, तिचे पाणी रोज आटते. तयार खारे पाणी हाताशी असते, म्हणून नवखा माणूस तेच ओतून टाकी भरतो. वरून सगळे ठाकठीक दिसते. पाणी खुणेवर असते, पण दर वेळी आणखी मीठ आत जात राहते. म्हणून आटलेले भरायचे ते गोड्या पाण्याने, आणि बदलायचे ते खाऱ्या पाण्याने. दोन पिंपांवर मोठ्या अक्षरांत 'गोडे' आणि 'खारे' असे लिहावे. आता आपल्याला लिहिता येते.

पिंप सावलीत ठेवावे. टाकीचे पाणी २५-२६ अंशांवर ठेवतात. गच्चीवर तापलेले पिंप तसेच टाकीत रिते केले तर माशांचे हाल होतात. दोन्ही पाणी सारख्या उष्णतेचे झाले, की मगच घालावे. झाकलेले, स्वच्छ पाणी काही आठवडे टिकते. पण काही मिठांच्या पाकिटावर लवकर वापरा असे छापलेले असते. ते वाचावे. वापरण्याआधी पंप लावून पुन्हा फिरवावे आणि काटा पाहावा.

इतकी खटपट करून भरलेले पिंप ठेवायचे कशाला? वेळ सांगून येत नाही म्हणून. कोणी खोलीत डासांचे औषध मारले आणि ते टाकीत गेले, एखादा मासा दगडामागे मरून कुजला, तर त्याच घटकेला पुष्कळ पाणी बदलावे लागते. त्या वेळी मीठ भिजवत दिवस घालवता येत नाही.

पंप चालू असताना पिंपात हात घालू नये. खारे पाणी विजेला वाट देते. आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग हात. शिवाय २०० लिटरचे भरलेले पिंप दोन क्विंटलच्या वर जाते. ते ओढत बसू नये. आधी जागेवर ठेवावे, मग भरावे.

टाकीत दगडावर फुलासारखे हलताना दिसते, ते झाड नव्हे. तो प्रवाळ, जिवंत प्राणी. अंगठीतले पोवळे ह्याच गोतातले. पाण्यातला चुना ओढून तो आपले घर बांधतो. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास समुद्रात प्रवाळ आहेत. तिथले सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. दगडासारखे घर बांधणाऱ्या प्रवाळांना २००१ पासून कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले आहे. वाघही त्याच यादीत आहे. म्हणून कोणी म्हणाले, "कोकणात जातोस ना, येताना दोन प्रवाळ काढून आण," तर साफ नाही म्हणावे. मालक सुटेल, तुरुंगात आपण जाऊ.

आता उरले जुने पाणी. २० लिटर खाऱ्या पाण्यात सुमारे ७०० ग्रॅम क्षार असतात. ते कुंडीत, परसात, शेतात ओतू नये. विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात तर मुळीच नको. खारवट जमीन काय असते, हे शेतकऱ्याला आम्ही काय सांगावे? शहरात ते मोरीतून गटारात सोडतात. बादली मग गोड्या पाण्याने विसळून पालथी घालावी.