आपण मीठ किती पितो?

माझे धाकटे बंधू पूर्णेच्या काठी आमच्या मूळ गावी राहून शेती पाहतात. गेल्या मार्गशीर्षात ते काही कामानिमित्त दर्यापुरास आमच्याकडे आले. पहिल्याच दिवशी पाण्याचा तांब्या खाली ठेवून ते म्हणाले, “दादा, तुमच्या पाण्याला काही चवच नाही. अगदी अळणी लागते.” घरची सर्व मंडळी हसली, मीही हसलो. सूनबाईंनी ताक वाढले तेव्हा त्यांनी वरून आणखी मीठ मागून घेतले, इकडेही कोणाचे लक्ष गेले नाही. चौथ्या दिवशी त्यांच्या पायांवरची सूज घरातून निदर्शनास आणून देण्यात आली, आणि मी त्यांस बळेच डॉक्टरांकडे नेले. रक्तदाब 190 वर 110 भरला. लघवीतून प्रथिने जात होती, आणि मूत्रपिंडांची निम्म्याहून अधिक शक्ती नष्ट झाली आहे असे रक्ततपासणीने ठरले. तोवर या गृहस्थांस एका दिवसाचेही दुखणे ठाऊक नव्हते.

वऱ्हाडाबाहेरील वाचकांसाठी थोडा खुलासा केला पाहिजे. उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर यांच्यामधील खोलगटात पूर्णा नदीच्या खोऱ्यात युगानुयुगे गाळ साचत आला. हा गाळ चिकण, त्यातून निचरा होत नाही. पाऊस बेताचा आणि ऊन प्रखर. त्यामुळे क्षार वाहून न जाता भूमीच्या पोटातच राहतात. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतील सुमारे नऊशे गावे या खारपाणपट्ट्यात मोडतात. वरच्या अंगास अंजनगाव-अचलपुराकडे गोडे पाणी आणि संत्र्यांच्या बागा. थोडे खाली उतरावे तो विहिरीचे पाणी परक्या माणसास तोंडात धरवत नाही. त्या पाण्यात वरणाची डाळ शिजता शिजत नाही आणि साबणास फेस येत नाही. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात वऱ्हाडी मंडळींस समुद्र शोधीत जावे लागले नाही. अकोला जिल्ह्यातील दहीहांड्यास विहिरीच्या पाण्यापासूनच मीठ करून त्यांनी कायदा मोडला. ही हकीकत मी वर्गात तीस वर्षे मोठ्या अभिमानाने सांगितली. ज्या पाण्याचे मीठ होते तेच पाणी आमची माणसे पितात, हे मात्र तीस वर्षांत एकदाही माझ्या मनात आले नाही.

आता थोडे गणित करू. प्रौढ मनुष्याने दिवसास 5 ग्रॅमहून कमी मीठ खावे, म्हणजे सोडियम 2 ग्रॅमच्या आत असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. समजा, एखाद्या विहिरीच्या दर लिटर पाण्यात 500 मिलिग्रॅम सोडियम आहे. वैशाखात शेतावर राबणारा मनुष्य चार लिटर पाणी सहज पितो. म्हणजे भाकरीचा पहिला तुकडा मोडण्यापूर्वीच त्याचा दिवसाचा सगळा वाटा संपला! भाजी, लोणचे, पापड हे सर्व त्यावर. शरीरातील हे अधिक मीठ पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते, रक्तवाहिन्यांवर ताण पडतो, हृदयास अधिक जोराने काम करावे लागते. मूत्रपिंडातील सूक्ष्म जाळी त्या दाबाने फाटत जाते, आणि मूत्रपिंड दुबळे झाले की रक्तदाब आणखी चढतो. असे हे दुष्टचक्र आहे.

बांगलादेशातील खुलना जिल्ह्यात डाकोप या किनारपट्टीच्या भागासंबंधी 2011 साली एक संशोधन प्रसिद्ध झाले. तेथील लोकांच्या पोटात कोरड्या ऋतूत केवळ पिण्याच्या पाण्यातून दिवसास 5 ते 16 ग्रॅम सोडियम जाते आणि पावसाळ्यात 1.2 ग्रॅमपेक्षा अधिक जात नाही, असा त्यातील अंदाज होता. गरोदर स्त्रियांमधील रक्तदाबाचा विकारही कोरड्या ऋतूतच अधिक आढळला. परंतु एकाच बाजूने बोलणे शिक्षकास शोभत नाही. त्याच देशातील 2019 च्या एका पाहणीत, पाणी किंचितच खारे असेल तर त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांमुळे रक्तदाब उलट थोडा कमी असल्याचे दिसले. यास्तव चवीवर निर्णय न सोपविता पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे आणि सोडियम किती हे आकड्यांत जाणून घ्यावे. तसेच सगळा दोष पाण्याच्या माथी मारणेही योग्य नव्हे. मधुमेह, उन्हातील कष्ट, आणि अंगदुखीसाठी उठल्यासुटल्या घेतलेल्या गोळ्या यांनीही मूत्रपिंडे बिघडतात. आमच्या बंधूंच्या खिशात त्या गोळ्यांची पट्टी कायमची असे.

जपानातील मिनामाता येथे 1956 साली उघडकीस आलेल्या रोगात कारखान्याच्या सांडपाण्यातील पारा माशांवाटे लोकांच्या पोटात गेला. त्या पाऱ्याची चव कोणासच कळली नाही. आमचे मीठ तसे चोरपावलांनी येत नाही. ते जिभेस वर्दी देऊन आत शिरते. पण जिभेला सवय झाली म्हणजे तीच वर्दी द्यावयाचे सोडते, आणि गोडे पाणी मनुष्यास अळणी लागू लागते. चरकसंहितेच्या विमानस्थानात पिंपळी, क्षार व लवण ही तीन द्रव्ये अति प्रमाणात सेवू नयेत असे सांगितले असून, दुधाबरोबरही मीठ खाणाऱ्या प्रदेशांचा तेथे उल्लेख आहे. अशी सवय एकदम न तोडता क्रमाक्रमाने सोडावी, असाही तेथे उपदेश आहे. मीठ कमी केल्यावर दोन-तीन महिन्यांत जिभेची आवड बदलते, हा आजच्या वैद्यकाचाही अनुभव आहे.

गृहिणींस दोन-तीन गोष्टी आवर्जून सांगावयाच्या आहेत. पाणी उकळल्याने खारटपणा जात नाही, उलट दाट होतो. तुरटीनेही तो जात नाही. उपासाचे सैंधव हेही मीठच, त्यात सोडियमची सूट नाही. पापडखारातही सोडियम असते. बाजारात ‘कमी सोडियमचे’ मीठ मिळते, त्यात पोटॅशियम असते. ज्यांची मूत्रपिंडे बिघडली आहेत त्यांनी ते डॉक्टरांस विचारल्यावाचून मुळीच घेऊ नये. पावसाळ्यात पहिल्या एक-दोन सरी वाहू देऊन नंतरचे छपराचे पाणी स्वच्छ टाक्यात साठविले तर पिण्यापुरते गोडे पाणी घरचे घरी मिळते. आमच्या आजोबांच्या वाड्यात असे टाके होते. आम्ही ते बुजवून त्यावर मोटारसायकली ठेवण्याची सोय केली!

बंधू अद्याप आमच्याकडेच आहेत. परवा प्रथमच त्यांनी ताकात मीठ मागितले नाही. गावात नळ आला आहे, परंतु पाणी आठ-आठ दिवस येत नाही, आणि मधल्या दिवसांत त्यांची दोन्ही मुले, सुना व नातवंडे त्याच विहिरीचे पाणी पितात. रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि विहिरीच्या पाण्यासाठी स्वच्छ बाटली घेऊन मी उद्या सकाळच्या एस.टी.ने तिकडे जात आहे.